साखरपुड्यातला फोन

शिरूर स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत होते. मागच्या बाकावर एक तरुण मुलगी आणि तिची मावशी बोलत होत्या.

"अपेक्षा, खरं सांग. एवढं चांगलं स्थळ का मोडलंस? यवतला सवताचं मोबाईलचं दुकान हाय त्याचं."

"मावशी, साखरपुड्यात त्यानं मला फोन दिला ना, त्यात चोरून ॲप टाकलं व्हतं. फोन नुसता पडून असला तरी घरातलं बोलणं त्याला ऐकू जायचं."

"तुला कसं कळलं?"

"मी आईला म्हणलं, हिरवा शालू नगं मला. सकाळी त्याचा मेसेज, 'हिरवा नको तर निळा घेऊ.'"

"अगं बया! मग पोलिसात न्हाई गेलात?"

"गेलो की. कोर्टानं दंड केला. तो भरून त्याच संध्याकाळी दुकानात बसला. लोकं अजून त्याच्याकडंच फोन देत्यात."

"आता दौंडला कुठं राहणार, हे तरी त्याला ठावं न्हाई ना?"

"कसं असंल? तो फोन कवाच पोलिसांकडं दिला. खोलीचा पत्ता फक्त तुला सांगितलाय. त्यो बी फोनवर न्हाई, सकाळी तुझ्या चुलीपुढं बसून."

"मग काळजी न्हाई. पण पोरगं वागायला लई गोड व्हतं बाई. साखरपुड्यात माझा फोन अडकत व्हता, तर आपणहून मागून घेतला आन् नीट करून दिला."

"मावशी, सकाळी तुझा फोन कुठं व्हता?"

"कुठं म्हंजी? माझ्या मांडीवर."

दौंडची गाडी लागली. मागच्या बाकावरून कुणीच उठलं नाही.