माठाखालचे कडे

विषय : माठाखालील आफ्रिकी कडे सोडवून मिळणेबाबत.

निवृत्तीनंतर मला आफ्रिकेतले जुने दागिने जमवण्याचा नाद लागला. परवा सीताबर्डीहून पायातले जाडजूड पितळी कडे आणले. सकाळी पाहतो तर ते स्वयंपाकघरात, माठाखाली.

"हे काहून वं?" मी बायकोला विचारले.

"माठ डुगडुगून राहिला होता."

"अवं, आफ्रिकेतल्या कोण्या राणीचं हाये ते."

"मंग? तिनं वापस मागितलं काय?"

रविवारी मित्र वानखेडे कड्याच्या बदल्यात बाजूबंद द्यायला कामठीहून आले. बायकोने त्यांना त्याच माठातले पाणी दिले. पिऊन ते म्हणाले, "राहू दे गा, मस्त बसला हाये माठ." आणि बाजूबंद परत घेऊन गेले.

माझा अर्ज प्रलंबित आहे. उन्हाळा संपेपर्यंत विचार होणार नाही, असे तोंडी कळवण्यात आले आहे.