तिसऱ्या भोकावरची झेंडी

एवर्ट : आवर गं साइमी, थर्मास घाल पिशवीत. अंधार पडला. आता पाइक मासा काही तोंड उघडत नाही.

साइमी : अहो, आत्ताशी दीड वाजतोय! सूर्य आत्ता कुठे टेकडीला टेकलाय.

एवर्ट : टेकला म्हणजे गेलाच. बर्फावर हातभर भुसभुशीत हिम साचलंय, खाली तळ्यात केव्हाच मिट्ट काळोख झाला असेल.

साइमी : मला शिकवू नका. पन्नास हिवाळे तुमचे मासे साफ करतेय. उजेड उतरायला लागला की पाइक खायला निघतो, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग नेमक्या त्याच वेळी बर्फाला भोकं पाडायचं गिरमिट कसलं बांधताय?

एवर्ट : थंडी वाजतेय मला.

साइमी : थापा! ख्रिसमसच्या आधी इथे उत्तरेत सूर्य उगवतसुद्धा नव्हता, तेव्हा तुम्ही अडीचला यायचात, तेही मासा घेऊन. आता दिवस रोज लांबतोय, आणि तुम्ही दीडलाच घरी, रिकाम्या हातांनी. म्हणून तर आज हट्टाने बर्फगाडीवर मागे बसून आले.

एवर्ट : मासेच कमी झालेत तळ्यात.

साइमी : असं? मग तिसऱ्या भोकावरची झेंडी बघा बरं.

एवर्ट : बघतोय की. आडवी पडलीय.

साइमी : अहो... उभी आहे. मासा लागलाय. मघापासून उभी आहे, लालभडक.

एवर्ट : ...हो का?

साइमी : कधीपासून दिसत नाहीये?

एवर्ट : ख्रिसमसपासून. उजेड जरा उतरला की सगळं राखाडी होतं.

साइमी : आणि तसेच बर्फगाडी चालवत होतात? देवा रे! डॉक्टरकडे का नाही गेलात?

एवर्ट : डॉक्टर गाडी बंद करणार. मग लेक मार्केता आपल्याला शहरात नेणार, तिच्या फ्लॅटमध्ये. तिथे कुठलं आलंय तळं? भीती वाटते गं मला.

साइमी : आधी मासा काढा. धरा माझा दंड.

(एवर्ट भोकाशी गुडघे टेकतो, हातमोजा काढून दोरी बोटांवर घेतो. एवढ्यापुरते त्याला डोळे लागत नाहीत.)

एवर्ट : चार किलोचा तरी आहे!

साइमी : हात शाबूत आहेत म्हणायचे. सोमवारी डॉक्टरकडे जायचं. आणि गाडीची चावी आत्ताच माझ्याकडे द्या.

एवर्ट : तुला कुठे चालवता येते?

साइमी : मागे बसून सांगा.

एवर्ट : दिसत नाही, तर सांगू काय, कपाळ?

साइमी : दिसतंय ते मला. बर्फ कुठे पातळ आहे ते तुम्हाला ठाऊक. सरका मागे.

एवर्ट : बरं. ओढ्याच्या तोंडापासून लांब ठेव. आणि साइमी...

साइमी : काय?

एवर्ट : सूर्य आहे का गं अजून?

साइमी : आहे. थोडासा आहे.