नवरी ठरण्याआधीच हळद

अहो, परक्यानं केलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, पण आपलीच माणसं हो! तुम्हाला सांगतो, मी काय मागितलं होतं? राजबिंडं रूप? नाही. ज्या रंगाचा जन्मलो तेवढा परत मिळावा, एवढंच. शाळा सुटल्यापासून गुऱ्हाळावर बसतोय, चिपाडं चुलवाणात सारायची आणि जाळ तोंडावर घ्यायचा... तोंडाचा पार तवा झाला! बरं, झाला तर झाला, आम्हाला कोण बघायला बसलंय? पण कोरेगावला शालूला बघायला गेलो आणि... काय सांगू, मीच लाजून खाली बघत होतो, तिनं मात्र एकदा डोळे वर केले. एकदाच! परत केलेच नाहीत. मला ती अशी आवडली, की येताना एस्टीत कंडक्टरला गावाचं नाव सांगता येईना! आणि मागून तिच्या मामाचा, हंबीररावांचा निरोप आला, "पोरगा कामाचा हाय, पर त्वांड लय करपलंय. पोरगी इचारात पडलीया. पाडव्याच्या आत घर बघाय येतो, तवा ठरवू."

मग वहिनीला विचारलं. आपलीच वहिनी, चंद्रावहिनी! भाकरी थापत मला म्हणते कशी, "आवं भावजी, त्येला काय लागतंय? उठल्याबरुबर डाळीच्या पिठानं त्वांड धुवायचं, म्हशीच्या साबनानं न्हवं! वर जराशी साय. कामावर पटका तोंडावरनं गुंडाळायचा, आन् निजताना ग्वाडं तेल. रोज करायचं, सनावारी न्हवं!" केलं हो! रोज केलं! सायीपायी आई मांजराला बडवायची आणि मी मांजराकडं बघून गप्प बसायचो... पण गुण येत होता, नाकाच्या शेंड्याला माणसाचा रंग दिसायला लागला! तिथंच थांबायचं की नाही? पण वहिनी म्हणाली, "आठवड्यातनं यकदा आंबेहळद लावा, मग बगा!"

आणायची कुणी? धोंडिरामनं. लहानपणापासूनचा दोस्त, सांगलीच्या हळदपेठेत पोती उचलतो. परका असता तर मी चारदा विचारलं असतं, पण आपलाच माणूस! तो म्हणतो, "आंबेहळद कशाला रं गड्या? ह्यी बघ, आमच्या पेठंतली यक नंबर, डोळं दिपतील!" आणि मी शहाणा, ती कालवणातली हळद सायीत वाटीभर कालवली, आणि तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हातांना थापली. सुकली. धुतली. निघेना! पिठानं घासली, राखेनं घासली, शेवटी म्हशीच्या साबणानंही घासली... कातडं निघायची वेळ आली, पिवळेपणा जिथल्या तिथं!

आणि नेमके त्याच दिवशी हंबीरराव दारात! मी परसात पळणार, तर हळद घेऊन आलेला धोंडिराम अजून तिथंच, त्यानं दंडाला धरून पुढं ओढलं, मुठीची पिपाणी करून पँ पँ पँ वाजवली आणि ओरडला, "हळद लागली रं आमच्या गड्याला!" गंमत! त्याची गंमत! हंबीररावांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तोंड पिवळं, हात पिवळे... आणि आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना म्हणाले, "आमाला झुलवत ठिवून दुसरीकडं उरकलं व्हय? आवं, हळदीच्या अंगानं पोरगं हुबं, आन् मी घर बघाय आलोय!" आण्णांना काही कळेना, वहिनी तोंडात पदर कोंबून हसतेय, आणि मी... अहो, "नुसती तोंडाला लावलीय" एवढंच बोलायचं होतं! पण पाहुण्यापुढं माझी जीभ उचलते कुठं? आणि ज्यांची उचलते, ते दोघं हसण्यात! आपलीच माणसं! हंबीररावांनी पाण्याच्या तांब्याला हातसुद्धा लावला नाही, आल्या पावली माघारी.

आण्णा मागाहून कोरेगावला जाऊन खरं काय ते सांगून आले. पण तोवर हंबीररावांनी रागाच्या भरात शालूचं मेढ्याला ठरवून सुपारीसुद्धा फोडली होती. फुटलेली सुपारी कोण जोडणार?

परवा बाजारात तेच हंबीरराव भेटले. माझं तोंड आता असं तुकतुकीत, की ते बघतच राहिले. मला वाटलं, पस्तावले! तर म्हणतात, "झालं गेलं इसर रं. पर त्वांड कसं केलंस ह्ये? आमचं मेढ्याचं हुणारं जावई बी उन्हातलंच हाय..." आणि मी सांगितलं हो! नाही म्हणायला जमतं कुठं मला? पीठ, साय, पटका, तेल, सगळं नीट समजावलं, आणि शेवटी हात जोडून म्हटलं, "मामा, तेवढी हळद मात्र लावू देऊ नका."

तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "आसं कसं बाबा? त्येला तर आता लावायलाच पायजे!"