गव्हात टाकायची गोळी

हसू नका, पण 'गोळी' म्हटलं की मला अजून धस्स होतं.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या शोभाताई सालाचा गहू घ्यायला माझ्या किराणा दुकानात आल्या. "शेटजी, दरसाल गव्हात सोंडे-किडे पडतात. काय करू?" धान्यात टाकायच्या कडुनिंबाच्या गोळ्या माझ्याकडे संपल्या होत्या आणि गर्दी तर विचारू नका. मी बोलून गेलो, "कुठूनही आणा, अन् गव्हात गोळ्या टाका."

संध्याकाळी उरलेलं पोतं द्यायला त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात सडक्या लसणासारखा वास. गव्हाच्या कोठीला लागून पाळणा, त्यात तीन महिन्यांचा नातू.

"ताई, वास कायचा येऊन राह्यला?"

"गोळ्यांचा. दिरानं चिखलीच्या एका गोदामातून मागून आणल्या. आताच चार टाकल्या."

मी ओरडलो, "अवो, ते मानसं बाहेर काढून, गोदामाची दारं लावून ठेवाचं जहर हाय! त्याच्या वाफेनं मानूस मरते!"

पोर उचललं आणि सरळ अंगणात पळालो. मागून शोभाताई ओरडत आल्या, "शेटजी, बाळाले कुठं नेऊन राह्यले?"

अंगणात पोरानं भोकाड पसरलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. शोभाताई म्हणाल्या, "तुम्हीच तर म्हटलं, गोळ्या टाका!"

मी पोर त्यांच्या हातात दिलं आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर काढलं.

परवा एका म्हाताऱ्यानं खोकल्याची गोळी मागितली, तर तोंडातून निघालंच, "कोणाले द्याची बाप्पा, तुम्हाले का गव्हाले?"