मी गाडीला हातसुद्धा लावलेला नाही!

...नाही, मला एक सांगा, गाडी बंद पडली की लोक गाडीकडे का बघत नाहीत हो? मालकाकडे का बघतात? मिस्त्री बॉनेट उघडतो, आत एकदा डोकावतो, मग मान वर करून माझ्याकडे असा बघतो, जसा काही मीच टाकीला नळी लावून पेट्रोल पीत बसलोय, आणि विचारतो, "साहेब, मध्ये काही केलं होतं का गाडीला?" मी? मी कशाला काय करतोय? तुम्हाला सांगतो, अगदी गळ्याशपथ सांगतो, मी गाडीला हातसुद्धा लावलेला नाही!

आता हात चालतो माझा, नाही असं नाही. घरात नळ गळला, बादली गळली, की माणूस बोलवायचा नाही. त्या दोन वड्या मिळतात ना, एक पांढरी, एक काळी, एकत्र मळल्या की दगड होतो? ते मळायचं आणि थापायचं, संपलं! आमच्या घरात भोक म्हणून शिल्लक नाही. ही म्हणते, "आता माझं तोंड तेवढं राहिलंय." पण ते घरात हो. गाडी वेगळी.

गाडी वडिलांची. तिच्यावर मी शिकलो, तिच्याच मागच्या सीटवर झोपत झोपत लहानाचा मोठा झालो. वडील गेले, गाडी राहिली. स्टिअरिंगवर त्यांच्या अंगठ्याच्या जागी अजून रंग उडालेला आहे, तिथे माझा अंगठा बरोब्बर बसतो. ती मी विकायची? मेहुणा म्हणतो, "भाऊजी, द्या भंगारात, नवी घ्या." त्याची नवी गाडी बोलते म्हणे. काय बोलते? 'दार उघडं आहे.' अरे, तूच उघडलंस ना आत्ता!

तर दुखणं असं. सकाळी पहिल्या हाकेला ओ. वीस मिनिटं लोण्यासारखी चालणार. एकविसाव्या मिनिटाला... गचका! मग दुसरा गचका! मग ॲक्सिलरेटर दाबा, आणखी दाबा, पाय खाली रस्त्याला टेकेल इतका दाबा, गाडी आपली नखरे करत हळू हळू हळू... आणि ठप्प! मागे हॉर्नचा गोंगाट, पुढे मी एकटा. पंधरा मिनिटं सगळ्यांच्या शिव्या खाऊन झाल्या की परत चालू, जसं काही झालंच नाही! आणि मिस्त्रीचं गॅरेज घरापासून किती? पाच मिनिटं! तिथे ती बंद पडेल कशाला? तिथे ती गाणं म्हणत उभी! मिस्त्री कान देऊन ऐकतो, म्हणतो, "साहेब, गाडी तर मस्त आहे... मध्ये काही केलं होतं का?"

हातसुद्धा लावलेला नाही, म्हटलं!

मग म्हणाला प्लग गेलेत. बदलले. एकविसावं मिनिट... ठप्प! म्हणाला कार्बोरेटरमध्ये कचरा. उघडला, धुतला, फुंकला. ठप्प! म्हणाला पेट्रोलचा पंप म्हातारा झालाय, ओढत नाही. नवा पंप! तरणाताठा! तोही एकविसाव्या मिनिटाला धापा टाकतोय! मग आला गाड्यांचा वायरमन. तो वायर सोडून कशालाच मानत नाही. म्हणाला, "कॉइल तापते. ओला नॅपकिन ठेवा." तुम्हाला सांगतो, आठवडाभर मी भर चौकात बॉनेट उघडून तापाच्या पोराला ठेवतात तशी पट्टी ठेवत उभा! आणि पंधरा मिनिटांनी गाडी चालू व्हायची ना, म्हणजे वायरमनची कॉलर ताठ! आधीही पंधरा मिनिटांनीच व्हायची, पट्टीशिवाय, हे कुणाला सांगायचं?

आणि गंमत बघा, पेट्रोल भरून निघालो की परत ताजीतवानी. मिस्त्री म्हणाला, "हिला भरलेलं पोट लागतं. टाकी रिकामी ठेवू नका." ठेवली भरून, काठोकाठ. तर काय? वीस मिनिटांऐवजी दहाव्याच मिनिटाला ठप्प! खाऊन सुस्त!

शेवटी ही उभी राहिली कमरेवर हात ठेवून. "अहो, गुरुवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. नऊला बोलावलंय. दोन महिन्यांनी तारीख मिळालीये. त्या दिवशी तुमची ही सवत वाटेत बसली, तर शुक्रवारी भंगारवाला दारात." मी म्हटलं, नाही बसणार. बोलून गेलो हो! आता एका बाजूला सासूबाईंचा डोळा, दुसऱ्या बाजूला वडिलांची गाडी, आणि मधे माझी अब्रू.

गुरुवारी निघालो. पुढे मी आणि ही, मागे सासूबाई. आणि त्यांच्याही मागे, आपल्या बोलक्या गाडीत, मेहुणा. "सोबत म्हणून हो, भाऊजी!" सोबत कसली, तेराव्याला आल्यासारखा आला होता! दहा मिनिटं... पंधरा... मी श्वास रोखून. ही घड्याळाकडे. अठरा... एकोणीस... नदीवरचा पूल आला, चढ लागला, आणि... गचका.

ठप्प! पुलाच्या ऐन मध्यावर! पावणेनऊ!

मेहुणा उतरला. हसत नव्हता हो, पण न हसण्याची केवढी मेहनत चालली होती चेहऱ्यावर! "आई, चल, माझ्या गाडीत बस." मी स्टिअरिंग धरून बसलो, अंगठा त्या जागेवर, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. वाटलं, संपलं, बाबा. नाही सांभाळता आली तुमची गाडी.

हिने तोवर मिस्त्रीला फोन लावलेला, स्पीकरवर. आणि तो काय विचारतो? "ताई, साहेबांनी मध्ये काही केलं होतं का गाडीला?"

मी ओरडलो. पूलभर ऐकू गेलं असेल. "अरे, किती वेळा सांगू, हातसुद्धा लावलेला नाही!"

तेवढ्यात मागून सासूबाई. गरीब स्वभाव हो त्यांचा, चेहऱ्यावर माया... "जावईबापूंना बोलू नका कुणी. किती करतात माझ्यासाठी! मागच्या खेपेला मला पेट्रोलचा वास येऊन मळमळत होतं, तर पुढच्या भेटीला स्वतः सांगितलं त्यांनी, 'आई, टाकीच्या झाकणाला भोक होतं, मी बुजवून टाकलं.' आज बघ, वासाचं नाव नाही!"

ही हळूच वळली. "काय बुजवलंत?"

अहो, बारीक भोक! सुईएवढं! मला वाटलं कारखान्याचा गलथानपणा, एवढी मोठी गाडी बनवतात आणि झाकणाला भोक ठेवतात! मळलं, थापलं. आता झाकण म्हणजे काय गाडी झाली का?

फोनमधून मिस्त्रीचा आवाज, एकदम थकलेला. "साहेब... टाकीत हवा जायची वाट ती एकच. बुजवली की पंपाने ओढायचं कसं? उतरा आणि झाकण उघडा."

उघडलं. आणि टाकीने श्वास घेतला हो... सूंऽऽऽऽ! असा, एवढा लांब, दोन महिने कोंडलेला! चावी फिरवली, पहिल्या फटक्यात चालू! झाकण नुसतं सैल ठेवून नऊला पाच कमी असताना दवाखान्याच्या दारात!

सासूबाईंचा डोळा छान झाला. गाडी राहिली. हिने स्वतः केसांतली पिन तापवून त्या झाकणाचं भोक मोकळं करायला घेतलं. पिन पुरली नाही, मग खिळा आणि हातोडी. घाव झाकणावर होते, नजर माझ्यावर. आता गाडी काय पळते म्हणून सांगू! चढ असो, ऊन असो, तासन्‌तास! सासूबाई नाकाला रुमाल लावून मागे बसतात, मेहुणा माझ्याशी बोलायचा थांबलाय, मिस्त्री मला लांबून नमस्कार करतो.

आणि आता तरी विश्वास ठेवा माझ्यावर, आता अगदी खरं सांगतोय... मी गाडीला हातसुद्धा लावलेला नाही. चावी हिच्याकडे असते. मी मागे बसतो, सासूबाईंच्या शेजारी.