नसलेल्या पायाचं दुखणं

आवडाबाई : “दुखणं आधी उतरवायचं, पाय मग काढायचा.” भूलवाल्या डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा बजावलंय, भावजी. पाठीत बारीक नळी घालून दोन दिवस औषध सोडणार. पण तुमचे भाऊ ऐकतील तर!

दामाजी : काय म्हणतो नाथादादा?

आवडाबाई : म्हणतात, पाठीला हात लावू देणार नाय. पाय जायचाच आहे, दुखणंपण त्याच्याबरोबर जाईल. साखरेनं पाय काळा पडलाय, कल्याणच्या हॉस्पिटलचा अख्खा वॉर्ड यांच्या ओरडण्यानं जागा, तरी तोरा बघा!

दामाजी : दोन दिवसच काढायचेत ना, वहिनी.

आवडाबाई : नाय ना! बाई म्हणाल्या, असा ठणकता पाय कापला की काहींचा नसलेला पायपण पुढं दुखत राहतो. आधी उतरवलं तर त्रास कमी व्हायची आशा असते. हे सांगितलं तर मलाच हसले. “नसलेला पाय दुखतो काय? आपल्या दामाजीचा कंपनीत गेला, तीन वर्षं झाली. बसलाय ना मजेत पखवाज वाजवत!” तुम्हीच म्हणालेलात ना, पाय गेला नि सुटलो?

दामाजी : म्हणालो होतो. धीर द्यायला.

सरस्वती : जाऊबाई, चहा घ्या आधी.

आवडाबाई : नको गं. परवा सकाळी ऑपरेशन. नळी घालायची तर आज संध्याकाळपर्यंत होकार पाहिजे. माझं ऐकायचे नाहीत, भावजींचं ऐकतील.

दामाजी : तुम्ही व्हा पुढं. संध्याकाळच्या आत पोचतो. शब्द देतो.

(आवडाबाई जातात.)

सरस्वती : काय सांगणार त्यांना?

दामाजी : डॉक्टरांचं ऐक म्हणेन.

सरस्वती : तेवढ्यानं ऐकतील?

दामाजी : का नाही?

सरस्वती : भजनाला बसलात की पायाच्या जागची सतरंजी चोळत असता तुम्ही.

दामाजी : कधी बोलली नाहीस.

सरस्वती : तुम्ही सांगाल म्हणून थांबले. गुरुवारचे उपास कशासाठी धरलेत मी, असं वाटलं तुम्हाला?

दामाजी : पहिल्याच महिन्यात मामाच्या गावी होतो, तेव्हा त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला. भगत आणला, तिथल्या साऱ्या आळीसमोर माझ्यावरून लिंबं उतरवली. मग डॉक्टरांपाशीपण तोंड मिटलं.

सरस्वती : आज बोललात तर आळीत कळेल.

दामाजी : कळेलच. दादाच्या पोटात काही राहत नाही.

सरस्वती : मग?

दामाजी : कुबडी दे इकडे. ठाण्याहून दोनची एसटी मिळेल.

सरस्वती : मी येऊ?

दामाजी : नको. तुझ्यासमोर जमायचं नाही.

सरस्वती : त्या डॉक्टरीणबाई असतानाच बोला. तुमच्या दुखण्यावरही काही उपाय असेल. सुरुवात कशी कराल?

दामाजी : अंगठ्यापासून. म्हणेन, दादा, माझा उजव्या पायाचा अंगठा तीन वर्षं आत वळलाय, अजून सरळ होत नाही.