उजव्या हाताची कणीक

मंडळी, ऐका! आधी एक विचारतो, मग पुढं जातो. माणूस मोडतो कशानं? आभाळ कोसळल्यानं — की रोज सकाळी तोंडातून हळूच निघणाऱ्या 'उद्या'नं? सांगा! गप्प का? उकडतंय म्हणून? अहो, मलाही उकडतंय, आणि फेटा माझ्या डोक्यावर आहे!

त्या मावशी केव्हाच्या पंख्याकडं बघताहेत. मावशी, मंडपात पंखा एकच, आणि तो अध्यक्षांकडं तोंड करून बसलाय. तो हलत नाही. अध्यक्षही हलत नाहीत!

हसलात ना? आता ह्या गावच्या पोरांचं सांगतो. पाडव्याला सगळ्यांनी ठरवलं — रोज पहाटे पळायचं, अंग कमवायचं! नवे बूट आले, फोटो निघाले, अख्ख्या गावाला दाखवले. रामनवमीला मी एका घरी चहाला गेलो. म्हटलं, बाळा, बूट कुठं रे? तर बुटात कोंबडी बसलेली, अंड्यावर! म्हटलं, पळणं का सोडलं? म्हणतो, "महाराज, उन्हाळा लई आहे. उन्हाळा सरू द्या, मग बघा."

उन्हाळा सरू द्या! हसून घ्या मंडळी, आत्ताच हसून घ्या. कारण हे वाक्य मी आधी एका दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. त्याची गोष्ट सांगतो. तिच्यात हसायला जागा नाही.

खडकमळा नावाचं गाव. तिथं रंभाजीबुवा मृदंगी. अहो, काय हात होता! सप्ताहात रंभाजी वाजवायला बसला की म्हातारी माणसं काठी बाजूला ठेवून ताठ बसायची. पोटात घुमायचं पोटात! चेहरा मात्र असा, जणू भाजी निवडतोय. गर्व नाही, काही नाही.

आता मृदंगाचं एक सांगतो, माहीत नसेल त्यांच्यासाठी. उजवं तोंड शाईचं, ते टणटणीत बोलतं. डावं तोंड म्हणजे धूम. त्यावर वाजवायच्या आधी ओली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठं तो खर्ज निघतो. आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची. कालची कणीक आज चालत नाही! रोज नवी. रोज!

तर संक्रांतीच्या सुमाराला रंभाजीच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. पाय सावरला, काठीनं चालायला लागला. हात? हात नुसता लोंबतोय. बोटं आत वळलेली.

त्याची बायको सोजरबाई. बारीक चणीची, पण बोलायला खणखणीत. तिनं त्याला तालुक्याला नेलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात हलवून बघितला, बोटं एकेक करून उघडली. विचारलं, "काका, काय काम करता?"

सोजरबाईच म्हणाली, "मृदंग वाजवतात. कणीक लावून!"

"कणीक? मग औषध तुमच्या घरातच आहे. रोज सकाळी डाव्या हातानं कणीक मळायची. दुखेल, तरी मळायची. एक दिवस खाडा नको. हे पहिले महिनेच हाताचे असतात काका, नंतर बोटं धरून बसतात. मग मलाही उघडायची नाहीत."

नीट ऐकलंत? एक दिवस खाडा नको!

झालं सुरू. सकाळी सोजरबाई परात पुढं ठेवायची, पीठ, पाणी, मिठाची चिमूट. आणि हा डाव्या हातानं... अहो, काय ती कणीक! इकडं कोरडं पीठ, तिकडं चिखल, मधे गोळे. त्या पोळ्या चावता चावता दाढा दुखायच्या. पण ती बाई काय म्हणायची? "आज कालच्यापेक्षा बरी आहे हां!" आणि खायची. ह्यानं खायच्या आधी ती खायची.

शिमग्यापर्यंत बोटं सैल झाली. एका सकाळी रंभाजीनं मृदंग मांडीवर ओढला, धुमावर तोच गोळा लावला आणि डावा पंजा टाकला. आवाज आला! बारीक, पडका, पण आला. सोजरबाई चुलीपुढनं धावत आली. हातात उलथनं तसंच. "पुन्हा! अहो, पुन्हा वाजवा!" दोघं रडली हो.

इथं आख्यान संपवलं असतं मी. तुम्हालाही बरं वाटलं असतं, घरी जाऊन गाढ झोपला असता. पण पुढं चैत्र आला मंडळी.

वर पत्रा. सकाळीच भट्टी. एक दिवस वीज नाही, अंगातून धारा, डावा खांदा ठणकतोय. सोजरबाई पाण्याला गेलेली. रंभाजी परातीकडं बघतोय, परात रंभाजीकडं. आणि त्यानं काय केलं?

उजवा हात घातला.

एकच दिवस! असं म्हणाला तो मनाशी. डावा जरा विसावू दे. उजव्यानं कणीक मळली, गोळा केला, आणि वर — ऐका हां, हे ऐका — वर आपल्या आखडलेल्या डाव्या हाताची बोटं दाबून त्यांचे ठसे उठवले. कुणासाठी? जी बाई त्याच्या कच्च्या पोळ्या चावून खात होती, तिच्यासाठी!

सोजरबाई आली. गोळ्याला हात लावला. मऊ! लुसलुशीत! मंडळी, ती बाई तिथंच बसली. गोळा कपाळाला लावला तिनं. "अहो, हात आला की तुमचा!"

आता सांगा, तुम्ही असता तर बोलला असता? आत्ता मान डोलवताय सगळे! त्या क्षणी जीभ उचलत नाही. रंभाजी नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी हात जड. तिसऱ्या दिवशी आणखी जड. डावा परातीत घालावा तर दुखतंय, आणि कणीक पुन्हा गोळेगोळे झाली तर ती विचारणार. म्हणून उजवाच. मनाला काय सांगायचा? "उन्हाळा सरू दे. मृगाला गारवा आला की डाव्यानं सुरू करू. हात काय पळून जातोय?"

हात कुठं पळत नाही हो! हात तिथंच असतो, खांद्याला. नुसता रोज थोडा थोडा परका होत जातो.

इकडं सोजरबाईनं हातपंपावर सांगितलं, देवळात सांगितलं. खडकमळ्याचा सप्ताह वैशाखात. गावची माणसं दुसऱ्या गावचा मृदंगी ठरवायला निघाली होती. ही पारावर जाऊन उभी राहिली. "दुसरा कुणी सांगू नका. माझ्या माणसाचा हात आलाय. काल्याच्या कीर्तनाला तोच बसंल." लोक आनंदले. देवाची कृपा म्हणाले. नारळ फोडला!

घरी येऊन तिनं सांगितलं, तेव्हा रंभाजीच्या पायाखालची जमीन सरकली. वाजवून दाखवा म्हणाली की 'काल्यालाच ऐक' म्हणायचा, आणि डावा हात उपरण्याखाली घ्यायचा. सोजरबाई नसली की तो मग डावा हात परातीत घालायचा. उजव्या हातानं एकेक बोट उघडायचा, सोडलं की मिटलं. उघडायचा, मिटायचं. रडायचा. देवाला म्हणायचा, एवढा सप्ताह पार पाड, पुन्हा चुकणार नाही.

काल्याचा दिवस उजाडला. मंडप भरलेला. सोजरबाईनं पहाटे न्हाऊन स्वतः कणीक मळली, वाटीत घालून पदराखाली झाकून आणली, त्याच्यापुढं ठेवली, आणि बायकांत जाऊन अगदी पुढं बसली.

आता कणीक लावायची. मृदंगी डाव्या हातानंच फासतो की नाही? रंभाजीचा डावा मांडीवर मुठीसारखा पडलेला. त्यानं उजवा हात वाटीत घातला, गोळा घेतला, तळव्यानं रेटला, दुमडला, परत रेटला.

आणि सोजरबाईनं ते बघितलं. जन्म गेला होता तिचा कणीक मळण्यात. तोच रेटा, तीच घडी, रोज त्या मऊ गोळ्यात तिच्या हाताला लागत होती. ओळखलं तिनं. सगळं तिथंच ओळखलं.

कीर्तनकारांनी भजन उचललं. टाळ सुरू झाले. उजवं तोंड बोलतंय — तक तक, तक तक. डावीकडं काहीच नाही! मूठ पडतेय कणकेवर, थप... थप. टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले. भजन अडखळलं, थांबलं. कुणीतरी मागं हसलं. हसतात मंडळी, असतात अशी माणसं, सगळ्या गावांत असतात.

रंभाजीची मान खाली. आणि बायकांतून सोजरबाई उठली. हात जोडले. कीर्तनकारांना मोठ्यानं म्हणाली, "बुवा, माफी असावी. त्यांची चूक नाही. हात आला नव्हता, मीच खोटं सांगितलं होतं."

मी... जरा पाणी द्या हो.

खोटं कुणाचं, आणि डोक्यावर कुणी घेतलं! शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाजी लवकर उठून बसला. परात पुढं आली नाही. चुलीपाशी पोळ्यांचा वास सुटला.

"कणीक?"

"मळली मी."

"अगं, आजपासून डाव्यानं मळतो. देवाशप्पथ मळतो. उद्या दे परात. देशील ना?"

ती तव्याकडंच बघत होती. रागानं नाही बोलली, टोमणाही नाही. दमलेल्या माणसासारखी म्हणाली, "असू द्या. उन्हाळा सरू द्या."

हे तिला ठाऊक नव्हतं हो, की तेच वाक्य तो रोज मनात म्हणत होता!

पुढं तालुक्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी बोटं धरली, ओढली, सोडून दिली. म्हणाल्या, "काका, आता एवढाच." तुम्हाला वाटेल, देवानं चमत्कार करायला हवा होता. मलाही वाटलं. नाही झाला. मृदंग खुंटीला आहे. त्या दिवशीची कणीक खरवडायची राहिली, ती धुमावर तशीच वाळली, दगड झाली.

हे मला रंभाजीनंच सांगितलं. म्हणाला, "महाराज, माझं नाव घेऊन सांगा." आज बोलावलं होतं त्याला. नाही आला. मृदंगाचा आवाज ऐकवत नाही म्हणाला.

आता तुम्ही! चालायला जायचं ठरवलं होतं ना काका तुम्ही, साखर वाढल्यावर? मावशी, गुडघ्याचा व्यायाम? आणि ती बुटातली कोंबडी? कुणासमोर उमटवताय ठसे? घरात कोण आहे, जे तुमच्या मऊ गोळ्यावर भरवसा ठेवून चार लोकांत छाती पुढं काढून सांगतंय?

रंभाजीसाठी काही उरलं का? मला नाही दिसलं मंडळी, खोटं कशाला सांगू. तुमचं मात्र अजून आहे. दोन्ही हात वर करा. सगळ्यांनी! अध्यक्ष, तुम्हीही. मुठी मिटा. आता उघडा.

उघडल्या? बघा, किती सोपं आहे.

डावा हात नीट बघून घ्या. आणि आता तोच हात उजव्यावर मारून टाळी वाजवा, पांडुरंगाचं नाव घ्या — जोरात, खडकमळ्यापर्यंत ऐकू जाऊ दे!